मर्ना पास्कोचा मोठा चमचा

मी बोलतोय, पण जरा हळू. ड्रॉवर कुणी जोरात ओढला की मी आजही दचकतो, दचकलो की किणकिणतो, आणि किणकिणलो की सगळ्या घराला कळतं. मी मापाचा चमचा आहे. मोठा. माझ्या दांड्यावर 'वीस मिलिलिटर' असं कोरलंय, आणि स्वतःबद्दल खात्रीने सांगता येईल अशी माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे.

मेलबर्नच्या एका कारखान्यात पत्र्यावर यंत्र आदळलं आणि मी जन्मलो. पाठोपाठ माझे तीन धाकटे भाऊ आले : लहान चमचा, अर्धा आणि पाव. चौघांना एका कडीत ओवलं. देशात तेव्हा औंस-पौंड जाऊन ग्रॅम-लिटर येत होते. बायका दुकानात उभ्या राहून सरकारला शिव्या घालत आणि आम्हाला विकत घेत. खोक्यात माझ्याशेजारी एक जुना नमुन्याचा चमचा होता. तो म्हणाला, "बाळा, लक्षात ठेव. आपल्या देशात मोठा चमचा म्हणजे चार लहान चमचे. समुद्र ओलांडलास की मोठा चमचा तीनच लहान चमच्यांचा. नाव तेच. जपून राहा." तेव्हापासून मी जपूनच आहे. उपयोग काही झाला नाही.

मला मर्ना पास्कोने यारलिनाच्या दुकानातून आणलं. यारलिना म्हणजे एक रस्ता, एक चर्च, एक हॉल, धान्याच्या उंच कोठ्या आणि नजर पोचेल तिथवर गहू. मर्ना लग्नाआधी शाळेत शिकवायची. तिचा नवरा आयव्हर भला शेतकरी. बोलायचा फक्त पावसाबद्दल, आणि पाऊस नसला की तेही नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, बरं घर मिळालं. दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्याशेजारी टाइपरायटर दिसला आणि मी कडीतल्या कडीत किणकिणलो.

मर्ना कथा लिहायची. केक ओव्हनमध्ये गेला की ती टाइपरायटरपुढे बसायची, आणि वाक्य अडलं की उठून पीठ चाळायची. दोन्हीपैकी एक काहीतरी कायम करपलेलं असे. टाइपरायटरच्या पट्ट्यांत पिठीसाखर शिरायची, केकच्या मिश्रणात कधी शाईचं बोट लागायचं. आणि एखादा शब्द अगदीच हट्टाला पेटला, की ती मला उचलून पुढच्या दातांवर वाजवायची. टक टक टक. इतक्या जवळून मी तिचा श्वास ऐकलाय. लिहिणारी बाई शांत बसते असं लोकांना वाटतं. छे! तिच्या पायाखालची फरशी झिजली होती.

तिची पहिली कादंबरी छापून आली तेव्हा यारलिनात तीन आठवडे तिच्याशी कुणी धड बोललं नाही. प्रत्येक बाईने ती स्वतःला शोधत वाचली. ज्या सापडल्या त्या रागावल्या. ज्या सापडल्या नाहीत त्या त्याहून जास्त. पोस्ट सांभाळणारी बेरिल हॉस्किंग तर पत्रं द्यायच्या निमित्ताने थेट स्वयंपाकघरात आली.

"दोनशे पानं लिहिलीस, मर्ना. त्यात एक कुत्रा आहे, त्यालासुद्धा नाव आहे. आणि मी कुठेच नाही?"

"अगं, ते कुणाबद्दलच नाहीये. सगळं काल्पनिक आहे."

"हो का? मग कुत्रा कसा आमचा?"

कुत्रा खरंच त्यांचा होता.

तिला गावात परत घेतलं ते तिने पुढे लिहिलेल्या पाककृतींच्या पुस्तकाने. त्यात प्रत्येकीचं नाव होतं : बेरिलचा आल्याचा स्पंज, ग्वेन ट्रेनविथच्या सासूची खिमा-बटाटा भरलेली पेस्टी, चर्चच्या सहलीतला खजुराचा केक. प्रत्येक पदार्थावर मर्ना दोन ओळी लिहायची, कोणत्या दुष्काळात तो कुणी पहिल्यांदा केला वगैरे. आता बायका रस्त्यात थांबवून म्हणू लागल्या, "पुढच्यात माझा मुरंबा घाल हं." मग दुसरं पुस्तक आलं, मग तिसरं. मेलबर्नची संपादिका हिलरी फेन्टन दर वेळी लिहायची, 'वाचकांचा तुमच्यावर विश्वास आहे. कादंबरीचं नंतर बघू.' हे 'नंतर' नऊ वर्षं चाललं. मर्ना लिंबं किसता किसता स्वतःशीच बोलायची, "नंतर, नंतर, नंतर," आणि साल इतकी खोल किसायची की पदार्थ कडू व्हायचा.

आता एल्वाबद्दल सांगायलाच हवं.

एल्वा नीबोन पुढच्या शेतावर राहायची. विधवा, रुंद हातांची, बोलणं तुटक. वार्षिक कृषी प्रदर्शनात केक विभागाची ती प्रमुख, म्हणजे आमच्याकडे न्यायाधीशच म्हणा. स्पंजवर तो गार करायच्या जाळीची खूण दिसली की गुण कापायची. फळांच्या केकमध्ये मनुका तुकडे न करता अख्खी निघाली, तर तो केक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. मग तो सख्ख्या बहिणीचा का असेना.

मर्नाची पद्धत अशी होती की प्रत्येक पाककृती तीनदा करून पाहायची. दोनदा स्वतः. तिसऱ्यांदा एल्वाने, तिच्या घरी, तिच्या ओव्हनमध्ये, मर्ना जवळ नसताना. तोंडी एक अक्षर सांगायचं नाही. कागदावर नसेल ते नाहीच. कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून जायचे आणि समासात पेन्सिलीचे शेरे घेऊन परत यायचे. 'सैल झालं.' 'आलं लागत नाही.' 'हे पुडिंग उभं राहीना. याच्यापेक्षा आयव्हर ताठ.' मर्ना शेरा वाचायची, कपाळाला आठी घालायची आणि कागदावर एक मोठा चमचा वाढवायची.

मी आतल्या आत ओरडत असायचो. कारण एकदा डब्यातून चुकून एल्वाचा चमचा आमच्याकडे आला होता. पिवळा, प्लास्टिकचा. तिच्या बहिणीने नाताळला न्यूझीलंडहून पाठवलेला. दुपारभर आम्ही एकाच ताटलीत पडून होतो.

"तुझ्यात किती मावतं?" मी विचारलं.

"पंधरा. तुझ्यात?"

मला आठवला तो खोक्यातला जुना चमचा. म्हणजे इतकी वर्षं मर्ना माझ्याने मोजून लिहीत होती, एल्वा त्याच्याने मोजून 'कमी पडलं' म्हणत होती, आणि मर्ना आणखी वाढवत होती! संध्याकाळी पिवळा परत गेला. मी किणकिण किणकिण केलं. मर्ना म्हणाली, "या ड्रॉवरला काहीतरी करायला हवं."

पत्रं यायची. ॲडलेडच्या बायका लिहीत, 'तुमची लिंबाची जेली भिंतीवर फेकली तर परत हातात येते.' न्यूझीलंडहून मात्र नुसतं कौतुक. 'सगळं अगदी बेताचं जमून येतं.' मर्ना म्हणायची, "तिकडची माणसंच समजूतदार, बाई."

मग आला तो ऑक्टोबर. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात मर्ना आणि एल्वा हॉलच्या स्वयंपाकघरात मनुका कापत बसल्या होत्या, कात्री पाण्यात बुडवून, एकेका मनुकेचे तीन तीन तुकडे. मी मर्नाच्या ॲप्रनच्या खिशात. दातांवर वाजवायला ती मला कुठेही न्यायची. एल्वाचा नवरा क्लेम जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

"क्लेम गेला तेव्हा तुम्ही सगळ्या केक घेऊन आला होतात," एल्वा मध्येच म्हणाली.

"हो. माझा खजुराचा होता."

"ते मी डुकरांना घातले."

कात्री थांबली.

"सगळे?"

"सगळे. तुझापण."

एल्वाने पुढे बोलायला श्वास घेतला, तो मी स्पष्ट ऐकला. पण मर्ना खुर्ची मागे सारून उठलीच. "अगं बाई, आयव्हरचं जेवण राहिलं!"

आयव्हर त्या दिवशी ॲडलेडला गेलेला होता.

घरी आल्यावर तिने ॲप्रनसुद्धा काढला नाही. मी खिशात, आणि वर टाइपरायटर कडाडतोय. मध्ये एकदाही तिने मला बाहेर काढलं नाही, म्हणजे एकही शब्द अडला नव्हता. रखडलेल्या कादंबरीचं एक नवं प्रकरण झालं. त्यात ऑलिव्ह नावाची बाई आहे. नवऱ्याला पुरून ती घरी येते. ओट्यावर तेवीस केक. बायका हवामानाबद्दल बोलून, आपापली ताटं रिकामी करून परत द्यायची आठवण करून देऊन निघून जातात. आणि ऑलिव्ह संतापाने एकेक केक कुंपणापलीकडे भिरकावते. मर्नाने आधी डुकरांच्या जागी कोंबड्या घातल्या होत्या, ओळख पटू नये म्हणून. मग खोडल्या. "कोंबड्यांनी होत नाही," ती म्हणाली आणि डुकरं परत आणली.

हिलरीचं उत्तर आठ दिवसांत आलं. 'ही कादंबरी मी छापणार. हे प्रकरण आहे म्हणून कादंबरी आहे.'

मर्नाने आयव्हरला धरून टेबलाभोवती दोन गिरक्या घेतल्या. मग एकदम खाली बसली.

"एल्वाला कसं सांगू?"

"सांगू नकोस," आयव्हर म्हणाला.

"ती वाचेल."

"एल्वा कुठे कादंबऱ्या वाचते?"

"बेरिल वाचून दाखवेल तिला! पोस्टात, सगळ्यांसमोर! आणि मग? गावातल्या बायकांचे केक डुकरांना घालणारी बाई पुन्हा त्यांच्या केकना गुण द्यायला उभी राहू शकेल? आयव्हर, माझ्याशी तरी बोलेल का ती?"

आयव्हरने खिडकीबाहेर पाहिलं. "उत्तरेचा वारा सुटलाय," तो म्हणाला.

तीन महिने ती आज सांगते, उद्या सांगते करत राहिली. नाताळ गेला. जानेवारीत, आमच्या ऐन उन्हाळ्यात, ओव्हनशिवायही घर ओव्हनसारखं तापलेलं असताना, तिने बिस्किटांच्या डब्यात लिंबाच्या टार्टचा कागद ठेवला, त्याखाली मधाच्या रोलचा, आणि सगळ्यात तळाशी ते प्रकरण. वर एक ओळसुद्धा नाही. डबा आयव्हरच्या हाती दिला आणि तो गेल्यावर फाटकापर्यंत पळत गेली. गाडी वळणाआड गेली होती.

नऊ दिवस डबा आला नाही. नेहमी चौथ्या दिवशी यायचा. कुत्रा भुंकला की मर्ना हातातलं टाकायची आणि मी फरशीवर पडायचो. माझ्या काठाला पोचा आला तो त्याच नऊ दिवसांतला. दहाव्या दिवशी एल्वा स्वतः आली, डबा काखेत धरून. टोपी काढली नाही.

"लिंबाचं टार्ट बसत नाही," ती म्हणाली. "पातळ राहतं. चमच्याने प्यावं लागतं."

"बाकीचं... वाचलंस?"

"आधी टार्ट. माझ्यासमोर कर."

इतक्या वर्षांत त्या दोघींनी एका ओट्याशी उभं राहून पुस्तकातलं काही केलं नव्हतं. तोच तर नियम होता. मर्नाने मला कॉर्नफ्लॉरमध्ये बुडवलं, सुरीने वरून सपाट केलं. एक. दोन.

"थांब. हे काय करतेस?"

"चार मोठे चमचे. लिहिलंय ना."

"हा चमचा आहे? हे फावडं आहे!" एल्वाने खिशातून पिवळा काढला. "चमचा हा असा असतो."

मग मर्नाने मला नळाखाली धरलं, काठोकाठ भरलं आणि पिवळ्यात ओतलं. तो भरला. माझ्यात अजून पाणी होतं. ते टेबलावर सांडलं, टेबलावरून खाली ठिबकलं, आणि दोघींपैकी कुणी ते पुसायला फडकं घेतलं नाही.

"तीन पुस्तकं, एल्वा!" मर्नाचा आवाज चिरका झाला. हसू की रडू, मला कळेना. "तीन पुस्तकं!"

"म्हणजे ॲडलेडच्या बायका खोटं बोलत नव्हत्या."

"तू कधी सांगितलं नाहीस, तुझा चमचा न्यूझीलंडचा आहे म्हणून!"

"तोंडी बोलायचं नाही हा नियम कुणाचा होता?"

मर्ना हसायला लागली. एल्वाही, पण अर्धवट. हसत हसतच तिने डब्यातून ते प्रकरण काढलं आणि ओल्या टेबलाच्या कोरड्या कोपऱ्यावर ठेवलं. समासात पेन्सिलीने भरलेलं. हसणं तिथेच थांबलं.

"हेही करून पाहिलं," ती म्हणाली. "जमत नाही."

"एल्वा, मी तुला सांगणार होते..."

"तेवीस केक कुठून आणलेस? नऊ होते. आणि भिरकावले म्हणे! संताप कसला गं? मला उभं राहायचं बळ नव्हतं." तिने खुर्ची ओढली आणि बसली. "डुकरं तीन दिवस उपाशी होती. क्लेमशिवाय त्यांच्याकडे कुणी बघत नसे. धान्याच्या खोलीला कुलूप. किल्ली शोध शोध शोधली. मग आठवलं, रविवारी चर्चला जाताना त्याने ती चांगल्या कोटाच्या खिशात टाकली होती. आणि तोच कोट घालून आम्ही त्याला पुरला होता."

मर्नाने तोंडावर हात ठेवला.

"ती ओरडत होती गं. लहान पोरांसारखी. घरात केकशिवाय काही नव्हतं. मी त्यांना कापून घातले. सुरीने, नीट कापून. आणि ती खात होती तेव्हा पहिल्यांदा मला रडू आलं."

"तू मला हे सांगितलं नाहीस."

"तू ऐकलंस कुठे? 'डुकरांना घातले' म्हटलं, आणि पळालीस. आयव्हर त्या दिवशी ॲडलेडला होता. मीच त्याला गाडीत बसताना पाहिलं होतं."

मी टेबलावर त्या पाण्यात पडून होतो. कुठे तोंड लपवावं कळत नव्हतं, आणि मला तर तोंडही नाही.

"मला हे छापायला नकोय, मर्ना," एल्वा म्हणाली. "हे आहे तसंही नको, आणि बरोबर करूनही नको. मला या गावात राहायचंय."

"काढते," मर्ना म्हणाली. लगेच. मला वाटतं, तिने जरा थांबून सांगितलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

एल्वाने मान हलवली. जाताना तिने मला उचललं, कडी उघडली आणि भावांपासून मला सोडवून घेतलं. "हा मी नेते. इथून पुढे याच्यानेच मोजेन." पिवळा तिने मर्नाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्याचं मला वाईट वाटलं. त्याची काय चूक होती?

अशी माझी बदली झाली. एल्वाच्या स्वयंपाकघरात मला खिळ्याला टांगलं. ती मला दातांवर वाजवत नसे, काम झालं की पुसून परत खिळ्याला. मी वाट बघायचो, कधी मर्ना येते. ती आली फेब्रुवारीत.

"काय म्हणाली ती मेलबर्नची?" एल्वाने विचारलं.

"त्या प्रकरणाशिवाय छापता येणार नाही म्हणाली. पाककृतींचं चौथं पाठवा."

"आणि कादंबरी?"

"नंतर."

पुढे दोघी टोमॅटोबद्दल बोलल्या. मैत्री तुटली नव्हती. पण मर्ना हातांना काम नसतानाही स्वस्थ बसलेली होती, आणि तिला तशी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मला ते बघवेना.

चौथ्या पुस्तकाचे कागद डब्यातून येऊ लागले. मर्ना आता माझ्या धाकट्या भावाने चार-चारदा मोजत असणार; मापं अगदी बरोबर, माझ्या काठाइतकी बरोबर. शेरा मारायला एल्वाला काही सापडेना. पण प्रत्येक पदार्थावर असायच्या त्या दोन ओळी नव्हत्या. कुणाची सासू नाही, कोणता दुष्काळ नाही. नुसतं साहित्य आणि कृती. एल्वा पेन्सिल हातात धरून बसायची आणि काही न लिहिता कागद परत ठेवायची. जूनमध्ये एकदा ती मर्नाकडे जाऊन आली आणि चुलीशी बोलावं तसं स्वतःशीच बोलली, "टाइपरायटरवर टॉवेल घातलाय बयेने. पोपटाच्या पिंजऱ्यावर घालतात तसा." मग तिने त्या संध्याकाळी काही रांधलं नाही. पाव खाल्ला, तोही उभ्याने. येरझाऱ्या घालण्याची पाळी आता तिची होती.

ऑक्टोबर आला. प्रदर्शनाच्या दिवशी एल्वाने मला खिशात टाकलं, हॉलमधल्या मोठ्या किटलीत चहाची पत्ती मोजायला. केकना गुण देऊन झाले, चिठ्ठ्या लावून झाल्या, दारं उघडली. बायका आपापल्या केकपुढे उभ्या राहून दुसऱ्यांच्या केककडे बघत होत्या. बेरिलला पहिलं बक्षीस होतं आणि ती फार नम्रपणे सगळ्यांना ते सांगत होती. मर्ना कोपऱ्यात कप मांडत होती.

एल्वाने मला काढलं आणि कपावर वाजवलं. खण्! मी असा दचकलो की काठावरचा पोचा दुखला.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली. "क्लेम गेला तेव्हा तुम्ही नऊ केक आणलेत. ते मी खाल्ले नाहीत. डुकरांना घातले. नऊच्या नऊ."

हॉलमध्ये माशी हलली नाही. तशा आमच्याकडे माशा खूप.

मग तिने बाकीचं सांगितलं. किल्लीचं. कोटाचं. डुकरांच्या ओरडण्याचं. सगळं पाच-सहा वाक्यांत, पावती वाचून दाखवावी तसं. आणि म्हणाली, "अशी बाई तुमच्या केकना गुण द्यायला नको असेल, तर आत्ताच सांगा. टोपी माझ्या डोक्यावरच आहे."

शेवटी बेरिलने घसा साफ केला.

"माझा... म्हणजे माझा खाल्ला त्यांनी?"

"तुझा आधी. दोन मिनिटांत फडशा."

बेरिलचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "त्यात मी शेरी घातली होती," ती शेजारणीला म्हणाली.

"आणि माझा, एल्वा?" "माझा संत्र्याचा होता बघ!" "माझ्यावर आयसिंग होतं, ते कसं खाल्लं?" एकदम गलका. एल्वा एकेकीला उत्तर देत होती, प्रदर्शनात देते तसंच, न हसता. एका केकचं तिने सांगितलं, "मोठ्या डुकरिणीने हुंगला आणि पाठ फिरवली." तो ग्वेन ट्रेनविथचा होता. ग्वेनने आपलं ताट उचललं आणि दारातून निघून गेली. ती अजून एल्वाशी बोलत नाही. सगळंच काही गोड झालं नाही.

मर्ना कपांच्या मागे उभी होती, दोन्ही हातांत एकेक कप, गालांवरून पाणी वाहतंय. एल्वा तिच्याजवळ गेली.

"रडतेस काय? आता ते माझं एकटीचं राहिलं नाही. लिही. पण या वेळी शेवटपर्यंत ऐकून लिही."

"हिलरीला आता नको असेल तर?"

"तर दुसरी कुणी असेल. कप खाली ठेव, फुटेल."

त्याला आता पाच आठवडे झाले. मी एल्वाच्या घरी खिळ्यालाच आहे, काठाला पोचा, दांड्यावरचे आकडे पुसट. भाऊ मर्नाकडे. टाइपरायटरवरचा टॉवेल निघाला म्हणतात. रोज दुपारी मर्नाचा फोन येतो, आणि मला एल्वाची बाजू तेवढी ऐकू येते. "नाही, तसं नाही. अगं, कुलूप नाही, आधी कडी." मग ती फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहते. "हो. हे बरोबर आहे. पुढे वाच." हिलरीने अजून हो म्हटलेलं नाही. पुस्तक होईल का, झालं तर बेरिल त्यात असेल का, ग्वेन आणखी रागावेल का, या विचारांनी मी खिळ्यावर आपोआप हलत असतो. पण फोन आला की मी शांत होतो. तेवढाच माझा आराम.

आत्ता तो वाजतोय, आणि एल्वा घरात नाही. मागे कुंपणाशी आहे, बादली घेऊन, डुकरांच्या गलक्यात तिला ऐकू येत नाही. मर्नाची सवय मला माहीत आहे. सहा घंटा झाल्या की ती ठेवून देते, आपण त्रास देतोय असं तिला वाटतं, आणि मग दोन-दोन दिवस करतच नाही. मी वाजून वाजून किती वाजणार! तुम्हाला आवाज आहे. तुमच्यापैकी कुणी या रस्त्याने जात असाल, तर कुंपणावरून एक हाक मारा हो तिला. चार झाल्या.